व्हॅन फार आपटते? पाटे काढायच्या आधी हे करून बघा

ईको असो, जुनी ओम्नी असो, विंगर किंवा ट्रॅव्हलर असो, घरचे म्हणत असतील की मागे बसलं की कंबर मोडते, तर पहिली गोष्ट लक्षात घ्या, गाडीत बिघाड असेलच असं नाही. या गाड्या भरून चालवायला बनवल्यात. सात-आठ माणसं किंवा पोत्यांचा माल घेतला तरी मागून बसू नये म्हणून मागची स्प्रिंग (पट्ट्यांचा पाटा किंवा वेटोळ्यांची कॉइल) मुळातच कडक ठेवतात, आणि आपण मात्र एकटेदुकटे भांडुप ते अंधेरी करतो. स्प्रिंग तीच, वरचं वजन कमी, मग ती दबतच नाही आणि रस्त्यातला प्रत्येक पेव्हर ब्लॉक सरळ पाठीत येतो. स्प्रिंगवरचं वजन निम्मं झालं की गाडीचं वरखाली होणं साधारण १.४ पट जलद होतं. हळू झोका माणसाला चालतो, पण सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी थरथर बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास देते. म्हणून काम एवढंच आहे, गाडी रोज जेवढं वजन घेऊन फिरते त्याला जुळवून घ्यायची, आणि ते बऱ्याचदा स्प्रिंगला हात न लावता होतं.

आधी कुठल्या प्रकारचा दणका बसतो ते ओळखा, कारण तीन वेगळे आजार आहेत आणि औषधं उलटी आहेत. बारीक बारीक खडखड, जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) खरबरीत पट्ट्यावर सतत हाताला-पायाला जाणवते ती, ही बहुतेक टायरची हवा, टायर किंवा घासलेल्या बुशची (सांध्यांतल्या रबराची) असते. दुसरा, खड्ड्यात किंवा स्पीड ब्रेकरवर एकच जोरात "धाड", जणू लोखंडावर लोखंड. हा बंप स्टॉपर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की एक्सलला अडवणारा रबर, लागल्याचा आवाज, म्हणजे स्प्रिंग कडक नाही तर उलट बसलेली आहे किंवा वजन जास्त झालंय. तिसरा, फ्लायओव्हरच्या जॉइंटवरून गेल्यावर गाडी दोन-तीन वेळा डुलत राहते, ते शॉकअप (स्प्रिंगचं डुलणं थांबवणारी तेलाची नळी) गेल्याचं लक्षण. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत कुणी स्प्रिंग अजून मऊ केली तर ती जास्तच आपटणार, आणि गॅरेजमध्ये नेमकं हेच होतं कारण आपण जाऊन नुसतं "खूप आपटते" एवढंच सांगतो.

बंप स्टॉपर लागतो की नाही हे घरी बघता येतं. मागच्या एक्सलच्या वर चासीला जो रबराचा गोळा असतो त्याच्या खालच्या तोंडाला मुलांची खेळायची क्ले, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती, बोटाएवढ्या जाडीची चिकटवा. गाडी सपाट जागी उभी, हँडब्रेक लावलेला, चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची ओट लावलेली, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. मग रोजच्या रस्त्याने रोजच्या माणसांसह एक चक्कर मारा आणि परत बघा. क्ले चपटी होऊन तिच्यावर एक्सलचा ठसा उमटला असेल तर स्टॉपर लागतोय. क्ले जशीच्या तशी असेल तर सस्पेन्शन पूर्ण दबतच नाहीये, तेव्हा त्रास हवेचा, रबराचा किंवा घर्षणाचा आहे. सीएनजी गाडीत मागे साठेक किलोची टाकी कायमची बसलेली असते, त्यात जुनी स्प्रिंग असली की चार माणसं बसल्याबरोबर स्टॉपर लागायला लागतो. अशा गाडीला नवीन स्प्रिंग टाकल्यावर ती जास्त आरामदायी होते, हे ऐकून लोकांना पटत नाही पण असंच आहे.

आता हवा. इथे सगळ्यात जास्त फरक पडतो आणि खर्च जवळजवळ शून्य. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, नसेल तर मॅन्युअलमध्ये बघा, तिथे पुढची-मागची हवा वेगळी लिहिलेली असते आणि बऱ्याच व्हॅनमध्ये रिकामी गाडी आणि भरलेली गाडी असे दोन आकडे असतात. पंपावरचा मुलगा चारही चाकांत सारखीच, तीही जास्तीचीच हवा मारून देतो कारण "कमर्शियल गाडी आहे". मागच्या चाकात पूर्ण लोडची हवा आणि गाडी रिकामी, मग टायर दगडासारखा वागणारच. स्वतःचा गेज घ्या, तीन-चारशे रुपयांत बरा मिळतो, आणि सकाळी गाडी न चालवता, टायर थंड असताना बघा. टायर गरम झाला की हवा आपोआप वाढते, साधारण दर ५-६ अंशांना १ पीएसआय, म्हणून चालवून आल्यावर जास्त दिसली तर काढायची नाही. स्टिकरवर रिकाम्या गाडीचा जो आकडा आहे त्याच्या खाली मात्र अजिबात जाऊ नका, कितीही मऊ वाटलं तरी. कमी हवेत टायरची बाजूची भिंत सतत दुमडते, तापते, आणि एक्सप्रेस वेवर ते जीवावर बेततं. नायट्रोजनने गाडी मऊ होत नाही, त्यासाठी पैसे देऊ नका.

टायर बदलायचेच असतील तर बाजूवर छापलेली चार आकड्यांची तारीख बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुना रबर कडक होतो आणि खडखड वाढते. व्हॅनला जाड भिंतीचे एलटी (लाइट ट्रक) टायर येतात, ते वजनासाठी. त्याऐवजी मऊ पॅसेंजर टायर टाकावे असं सगळेच सुचवतात, पण आधी लोड इंडेक्स बघा. ७५ म्हणजे एका टायरला ३८७ किलो, ८० म्हणजे ४५०, ८५ म्हणजे ५१५, ९० म्हणजे ६००. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी चालणार नाही, मग दुकानदार काही म्हणो. आणि मोठे अलॉय टाकून पातळ टायर बसवायची हौस व्हॅनमध्ये तरी नको, टायरची भिंत हीच खड्डा आणि तुमच्यामधली पहिली स्प्रिंग आहे.

शॉकअप तपासायला गाडीच्या कोपऱ्यावर जोर देऊन दाबा आणि सोडा. वर येऊन एकदा स्थिरावली तर ठीक, परत परत डुलली तर गेला. खाली वाकून नळी बघा, तेलाने ओली होऊन तिच्यावर धुळीचा काळा लेप बसला असेल तर सील फुटलंय. नुसता हलका ओलसरपणा चालतो, लेप नाही चालत. बदलताना जोडीने बदला, एकच बदलला तर गाडी वाकडी वागते. आणि आरामासाठी "हेवी ड्युटी" शॉकअप घेऊ नका, ते नेहमी ओझं वाहणाऱ्या गाडीसाठी, रिकाम्या व्हॅनला ते अजून ताठ करतात. कंपनीचा साधा पार्ट पुरेसा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सगळं मिळतं पण वापरलेला शॉकअप स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका, आत तेलाची काय अवस्था आहे ते बाहेरून कुणालाच कळत नाही.

बुशकडे कुणी बघत नाही आणि माझ्या मते मुंबईच्या गाड्यांचा अर्धा त्रास तिथेच असतो. पाट्याच्या दोन्ही टोकांना, शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी), शॉकअपच्या वर-खाली, आणि ईकोसारख्या गाडीत मागच्या एक्सलला धरणाऱ्या दांड्यांमध्ये रबराचे बुश असतात. चार महिने पाणी, चिखल, समुद्राची हवा, रबर तडकतो आणि आतली नळी गंजून बसते. टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकं उचकटून बघा, दांडी कटकट करत हलली किंवा रबर तुकड्यांत दिसलं तर बदला. बसवताना मिस्त्रीला एक गोष्ट स्पष्ट सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या, बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना फायनल टाईट करायचे नाहीत. आधी हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदोनदा हलवून तिच्या नेहमीच्या उंचीवर येऊ द्यायची, मग टाईट. लटकताना आवळला तर गाडी खाली आली की रबर आधीच पिळलेला राहतो, सस्पेन्शन कडक लागतं आणि नवीन बुश थोड्याच दिवसांत फाटतो. काही मिस्त्रींना हे सांगितलेलं आवडत नाही, तरी सांगा.

ओम्नी, विंगर, ट्रॅव्हलर यांना मागे पाटे आहेत, ईकोला मागे कॉइल स्प्रिंग. ओम्नीसारख्या जुन्या पद्धतीच्या पाट्यात एकावर एक पट्ट्या घासतात आणि मधे गंज धरला की पट्ट्या एकमेकांवर सरकतच नाहीत, अख्खा पाटा एकच जाड लोखंड असल्यासारखा वागतो. पाटा रिपेअर करणाऱ्या चांगल्या दुकानात पूर्ण सेट उघडून, तारेच्या ब्रशने घासून, ग्रॅफाईट ग्रीस लावून परत बांधून घ्या, टोकांना प्लास्टिकचे पॅड असतील तर ते नवीन टाका, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) नवीनच घ्या. पट्टीला चीर दिसली तर ती पट्टी बदलायची, वेल्डिंग नाही. काम झाल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळून घ्या, हे विसरलं तर एक्सल सरकू शकतो. विंगरसारख्या पॅराबोलिक पाट्यात पट्ट्या थोड्या असतात आणि मधे-टोकांनाच टेकतात, तिथे ग्रीसने फार काही होत नाही, पॅड आणि बुश बघा. जुने ड्रायव्हर जळकं ऑइल किंवा डिझेल पाट्यावर मारतात, ते रबरावर उडालं की बुश फुगून खराब होतो, त्यापेक्षा नको.

पाट्यातली एक पट्टी काढून टाका, गाडी लोण्यासारखी होईल, हा सल्ला तुम्हाला प्रत्येक नाक्यावर मिळेल. ऐकू नका. रिकामी मऊ लागेल हे खरं, पण गणपतीला गावी जाताना आठ माणसं, टपावर सामान, कशेडी घाटाकडची वळणं, आणि उरलेल्या पट्ट्यांवर जास्तीचा ताण, पाटा कुठेही तुटेल. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ रचनेपासून असे बदल करण्यावर बंधन आहे, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला तेच पुढे करेल. मुलांची शाळेची ने-आण करणारी व्हॅन असेल तर हा विचारच सोडा.

कॉइलवाल्यांनी दोन गोष्टी टाळा. स्प्रिंग कापली तर ती मऊ होत नाही, वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते, वर गाडी खाली आल्यामुळे स्टॉपर लवकर लागतो. आणि वेटोळ्यांच्या मधे घालायचे ते रबराचे बफर, ग्राउंड क्लिअरन्स वाढतो म्हणून विकतात, तेही स्प्रिंग कडकच करतात. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर वाकून बघा, आधीच्या मालकाने बफर घातलेले असतात आणि तुम्ही बिचारे शॉकअपला दोष देत बसता. गाडी जास्त बसलेली नसेल तर काढून एक चक्कर मारा.

सीटवर पैसे घालवायला मी नेहमी हो म्हणतो, कारण आपल्या रस्त्यांना सस्पेन्शन एकटं पुरत नाही. बऱ्याच व्हॅनच्या मागच्या सीटचा फोम दोन-तीन वर्षांत बसतो आणि खाली पत्रा लागायला लागतो. रेक्झिन उघडून खाली ४० डेन्सिटीचा फोम आणि वर इंचभर मऊ थर करून घ्या, नुसता मऊ फोम घातला तर खड्ड्यात तो तळाला लागतो आणि पहिल्यापेक्षा वाईट. एवढा जाडही नको की डोकं छताला लागेल किंवा पट्टा नीट बसणार नाही. आणि आजी, गरोदर बाई, कंबरेचं ऑपरेशन झालेले काका यांना शेवटच्या रांगेत बसवूच नका, मागच्या चाकाच्या वर आणि त्यामागे झटका सगळ्यात मोठा असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली रांग त्यांची.

चालवतानाचं एकच सांगतो. खड्डा दिसला की ब्रेक आधी मारा आणि खड्ड्यात चाक उतरताना पाय सोडा. ब्रेक दाबलेला असला की पुढचं सस्पेन्शन आधीच खाली दबलेलं असतं, त्याला झटका झेलायला जागाच उरत नाही. पावसात पाणी भरलेल्या ठिकाणी खोली कळत नाही, तिथे वेगच कमी.

रिकामी गाडी फार उडते म्हणून मागे वाळूच्या पिशव्या टाकून फिरणारे आहेत. वजनाने फरक पडतो हे खरं, पण सुटी पिशवी जोराच्या ब्रेकला थेट सीटवर येते आणि पेट्रोल-गॅसही जास्त जातो. हवा बरोबर केली की याची गरज बहुतेक पडत नाही.

सगळं एकाच दिवशी करू नका. आधी हवा, मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तेवढ्याच माणसांसह बघा, मग बुश, मग शॉकअप, मग पाटे. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि चांगले पार्ट उगाच भंगारात जातात. बुश किंवा शॉकअपचं काम झालं की अलाइनमेंट करून घ्या.

आणि गणपतीला, लग्नाला, देवदर्शनाला गाडी भरून न्यायची असेल तेव्हा निघायच्या सकाळी मागच्या चाकांत भरलेल्या गाडीची हवा मारायची, परत आल्यावर दुसऱ्या दिवशी टायर थंड असताना ती पुन्हा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणायची.