गोडी छाटणीपूर्वी केवड्याच्या दोन्ही वाटा अडवा

नाशिक, सांगली व सोलापूर भागांत गोडी छाटणीच्या, म्हणजे फळांसाठी केल्या जाणाऱ्या छाटणीच्या, सुमारास परतीचा पाऊस रेंगाळला की द्राक्षबागांत केवडा (डाऊनी मिल्ड्यू) हा रोग बळावतो. या रोगाचा सूक्ष्मजीव लैंगिक आणि अलैंगिक अशा दोन्ही प्रकारे वाढतो व दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. त्यामुळे केवळ फवारणीच्या वेळापत्रकावर भिस्त ठेवणे आम्हांस धोक्याचे वाटते.

लैंगिक बीजाणू जुन्या रोगट पानांच्या आत तयार होतात. त्यांचे आवरण जाड असल्याने पान गळून कुजले तरी ते मातीत तग धरतात आणि पुढे पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर खालच्या कोवळ्या पानांवर पोहोचतात. वेलीवरील फवारा त्यांच्यापर्यंत जातच नाही. शिवाय लैंगिक संयोगात गुणांची सरमिसळ होत असल्याने औषधांना न जुमानणारे प्रकार निपजण्यास वाव मिळतो. म्हणून पानगळ करून घेतल्यावर व छाटणीनंतर खाली पडलेली पाने आणि काड्या तेथेच न ठेवता बागेपासून दूर खोल खड्ड्यात पुराव्यात. मजुरी वाचवण्यासाठी हेच काम सर्वांत आधी टाळले जाते, हे दुर्दैव. त्यानंतर उघड्या ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) व खोडांवर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुन्याचे द्रावण) फवारावे. ते ताजेच वापरावे आणि त्यात बुडवलेल्या लोखंडी विळ्यावर तांबूस थर चढल्यास चुन्याची निवळी वाढवावी.

फुटी निघाल्यावर खरी धावपळ अलैंगिक वाढीची असते. दमट रात्री पानाच्या खालच्या बाजूस पांढरी लव येते, तिच्यातून सुटलेले चलबीजाणू (पोहू शकणारे बीजाणू) पानावरील पाण्यात पोहत पर्णरंध्रांतून आत शिरतात, आणि 18 ते 22 अंश सेल्सिअस तापमान व सततचा ओलावा मिळाल्यास साधारण आठवड्याभरात तेलकट डागांवर नवी लव दिसते. अशी आवर्तने हंगामात अनेक होतात. त्यामुळे फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) वेळीच काढून हवा खेळती ठेवावी, सायंकाळी पाने भिजतील असे पाणी देऊ नये, आणि पावसाचा अंदाज असल्यास स्पर्शजन्य (पानाच्या पृष्ठभागावरच काम करणारे) बुरशीनाशक पावसाआधीच पानांच्या दोन्ही बाजूंस पोहोचवावे. आंतरप्रवाही (वेलीच्या आत शोषली जाणारी) औषधे लागोपाठ एकाच गटातील वापरू नयेत. पोंगा अवस्थेपासून (डोळा फुटून कोंब निघू लागल्यापासून) मणी वाटाण्याएवढे होईपर्यंत घड विशेष नाजूक असतात. निर्यातीच्या बागांत औषध निवडताना मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी व काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (शेवटची फवारणी व काढणी यांत ठेवायचे दिवस) तपासून घ्यावा.