पोस्टाने मतदार नोंदणी आणि पहिले मतदान : अमेरिकेतील नव्या नागरिकांसाठी ओळखपत्राचे नियम

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांत मतदार नोंदणीचा अर्ज बहुधा घरीच भरून पोस्टात टाकला जातो. हा मार्ग सोयीचा आहे, परंतु २००२ च्या ‘हेल्प अमेरिका व्होट अ‍ॅक्ट’ या संघीय कायद्याने पोस्टाने नोंदणी करणाऱ्या आणि त्या राज्यात संघीय निवडणुकीत पूर्वी कधीही मतदान न केलेल्या व्यक्तीला ओळख पटवण्याची वेगळी अट घातलेली आहे. भारतात नवीन नोंदणीच्या अर्जाची पडताळणी करण्यासाठी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येतो. येथे तसे कोणी येत नाही आणि पोस्टाने अर्ज करणारा कोणत्याही अधिकाऱ्यासमोर उभा राहत नाही. म्हणून ही खातरजमा क्रमांक जुळवून किंवा कागदपत्र पाहून केली जाते. ती अर्जाच्या वेळीच पूर्ण करून घ्यावी, मतदानाच्या दिवसावर ढकलू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वांत आधी एक गंभीर सूचना. ग्रीन कार्डधारकाने हा अर्ज भरू नये. अर्जात नागरिक असल्याचे सहीनिशी सांगावे लागते आणि नागरिकत्वाचा खोटा दावा केल्यास देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत परिणाम होऊ शकतात. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयातही मतदार नोंदणीविषयी विचारले जाते, तेथेही हीच काळजी घ्यावी. शपथविधी पार पडल्यानंतरच अर्ज करावा.

राष्ट्रीय नमुन्यातील टपाल अर्जात ओळख क्रमांकासाठी सहावा रकाना असतो. ड्रायव्हिंग लायसन्स असल्यास कायद्याप्रमाणे त्याचा क्रमांक द्यावा लागतो, नसल्यास सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक, आणि दोन्ही नसतील तर राज्य स्वतःच मतदाराला एक क्रमांक देते. राज्यनिहाय सूचना अर्जासोबतच छापलेल्या असतात आणि त्या वाचल्याशिवाय हा रकाना भरू नये. दिलेला क्रमांक, नाव आणि जन्मतारीख सरकारी नोंदीशी जुळल्यास पहिल्या मतदानाच्या वेळी या संघीय कायद्यापुरते आणखी काही दाखवावे लागत नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत हे जुळणे नेमके नावापाशी अडण्याची शक्यता असते. मधले नाव म्हणून वडिलांचे किंवा पतीचे नाव लावण्याची पद्धत, लग्नानंतर बदललेले नाव आणि आडनाव, इंग्रजी स्पेलिंगमधील एखाद्या अक्षराचा फरक, नागरिकत्व घेताना बदलून घेतलेले नाव, किंवा भारतीय पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा राहिल्यामुळे अमेरिकी कागदपत्रांवर नावाच्या जागी आलेले ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव अज्ञात), या सर्वांमुळे एकाच व्यक्तीची दोन कार्यालयांत दोन नावे नोंदलेली असू शकतात. म्हणून ज्या कागदपत्राचा क्रमांक देणार आहात, त्यावर नाव जसे छापले आहे तसेच अर्जात लिहावे. नाव बदलले असल्यास आधी सोशल सिक्युरिटी कार्यालयातील आणि लायसन्सवरील नोंद दुरुस्त करून घ्यावी.

क्रमांक जुळेल याची खात्री नसल्यास अर्जासोबतच ओळखीच्या कागदाची प्रत जोडावी. त्यासाठी मुदत न संपलेले फोटो ओळखपत्र चालते. अन्यथा अर्जदाराचे नाव आणि पत्ता असलेले चालू काळातील वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, बँकेचे स्टेटमेंट, पगाराचा चेक, सरकारी चेक किंवा अन्य सरकारी कागदपत्र चालते. मूळ कागद पाठवू नये, छायाप्रतच पाठवावी. प्रत जोडली असेल तर तीच ओळख मतदानाच्या वेळी पुन्हा मागण्याचे या कायद्यानुसार कारण उरत नाही.

मुलांकडे राहणाऱ्या आईवडिलांचा विचार येथे वेगळा करावा लागतो. घराचे बिल मुलाच्या किंवा सुनेच्या नावाने येते, गाडी चालवत नसल्याने लायसन्स नसते आणि भारतीय पासपोर्ट नागरिकत्व बदलल्यावर वैध राहत नाही. अशा वेळी वाहन न चालवणाऱ्यांसाठी राज्य जे फोटो ओळखपत्र देते ते काढून घेणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. अमेरिकी पासपोर्टही चालतो. ते होईपर्यंत त्यांच्या नावाने बँकेत खाते असल्यास त्याच्या स्टेटमेंटची प्रत जोडता येईल. कोणाला स्वतः सही करता येत नसेल, तर अर्ज भरण्यास मदत करणाऱ्याने आपले नाव व पत्ता द्यावा. सही करताना पुढे टपाली मतपत्रिकेवर जशी करणार तशीच करावी, कारण अनेक राज्यांत या दोन सह्या ताडून पाहिल्या जातात.

हा झाला संघीय किमान नियम. राज्ये त्यात भर घालू शकतात. इंडियाना आणि जॉर्जियात मतदान केंद्रावर सर्वच मतदारांकडून फोटो ओळखपत्र मागितले जाते, त्यामुळे तेथे केवळ विजेचे बिल घेऊन जाणे पुरेसे नाही. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही आणि वायोमिंग राष्ट्रीय टपाल अर्ज स्वीकारत नाही. नोंदणीची अंतिम तारीखही राज्यागणिक वेगळी असते.

अर्ज गेल्यानंतर काही आठवड्यांत राज्याच्या निवडणूक संकेतस्थळावर आपले नाव तपासावे. ओळख अपुरी असल्याची सूचना आल्यास, टपालाने मतदान करताना प्रत मतपत्रिकेसोबत पाठवावी आणि केंद्रावर जाताना कागद सोबत न्यावा. तरीही केंद्रावर अडचण आली तर परत फिरू नये. तात्पुरती मतपत्रिका, म्हणजे प्रोव्हिजनल बॅलट, मागण्याचा हक्क याच कायद्याने दिलेला आहे. ती भरल्यावर ओळखपत्र कोठे आणि किती दिवसांत दाखवायचे हे तेथील कर्मचाऱ्यांना विचारून लिहून घ्यावे, आणि मत मोजले गेले की नाही हे कळण्याची जी विनामूल्य सोय प्रत्येक मतदाराला सांगितली जाते, तिचा वापर करावा.