ग्लायडरसाठी पॅराशूट निवडताना: आधी कॉकपिटमध्ये बसून बघा

दुकानात उभं राहून अंगाला बसलेलं पॅराशूट ग्लायडरच्या (बिनइंजिनाच्या विमानाच्या) कॉकपिटमध्ये बसेलच असं नाही. पाठीमागचा पॅक जाड असला की माणूस पुढे ढकलला जातो. मग गुडघे पॅनेलला टेकतात, स्टिक (विमान चालवायचा दांडा) पूर्ण मागे येत नाही, डोकं कॅनोपीला (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाला) लागतं. म्हणून ते घालूनच आपल्या ग्लायडरमध्ये बसा, कॅनोपी बंद करा, स्टिक आणि रडर (पायाने चालवायचं सुकाणू) टोकापर्यंत फिरवून बघा.

हार्नेस (पॅराशूट अंगाला बांधणारे पट्टे) घट्टच हवा. मांड्यांचे पट्टे नीट आवळल्यावर ताठ उभं राहणं थोडं जड जातं. तसंच असू द्या. ढिला राहिला तर पॅराशूट उघडताना झटका वाईट बसतो, आणि खांदे अरुंद असतील तर पट्टे बाहेर घसरतात. छातीचा पट्टा त्यासाठीच असतो. जाड जाकीट घालून उडत असाल तर मापही त्यावरच घ्या.

सीटबेल्ट लावल्यावर रिपकॉर्डचं (ओढल्यावर पॅराशूट उघडणाऱ्या दोरीचं) हँडल झाकलं जात नाही ना? ते दिसलं पाहिजे आणि दोन्ही हातांनी पकडता आलं पाहिजे. लेबलवरची वजन व वेगाची मर्यादा वाचा. पॅराशूटचं वजन पायलटच्या वजनात धरायला मात्र बरेच जण विसरतात.