नाताळच्या भेटवस्तूंचा कागद: फेकण्याआधी चुरगळून बघा

नाताळच्या सकाळी भेटवस्तू उघडून झाल्या की कागदांचा ढीग थेट कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका. प्रत्येक कागद मुठीत घट्ट चुरगळा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर तो बहुधा साधा कागद. चिकटपट्टी, रिबिन काढून रद्दीत टाका. सोडताच फुलून उलगडला तर त्यात प्लास्टिक किंवा धातूचा पातळ थर आहे, रद्दीत त्याचा उपयोग नाही. चमकी लावलेला कागद चुरगळून तसाच राहिला तरी बाजूलाच ठेवा, कारण चमकी म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकचेच कण.

खरं तर कागद टरकावून काढण्यापेक्षा चिकटपट्टीखाली नख घालून हळूच सोडवला, तर पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतो. मुलं ऐकणार नाहीत, ते सोडा! पण मोठ्यांच्या भेटी तरी सुती ओढणीत किंवा रुमालात गाठ मारून द्या, म्हणजे चिकटपट्टीही लागत नाही. शुभेच्छापत्रांची चित्राची बाजू कापून, भोक पाडून दोरा ओवला की नावाच्या चिठ्ठ्या तयार. बंद पडलेल्या दिव्यांच्या माळा मात्र ई-कचऱ्यातच द्यायच्या.