घरातला उघडा विस्तव: ऊब थोडी, उस्तवार फार, आणि तरीही

घरात फायरप्लेस करावी का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: घर उबदार करायचंय, की विस्तवापाशी बसायचंय? घर उबदार करायचं असेल तर उघड्या विस्तवाच्या नादी लागू नका. त्यात जळणाऱ्या लाकडाची जेमतेम १० ते २० टक्के उष्णता खोलीत येते, बाकीची धुरांड्यातून आभाळात जाते. काचेचं दार असलेली चांगली बंद शेगडी त्याच लाकडातून ७० टक्क्यांच्या आसपास उष्णता खोलीला देते. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

उलट, विस्तव पेटला की घराच्या लांबच्या खोल्या आणखी गार पडतात. धुरांडं तासाला शेकडो घनमीटर हवा ओढून बाहेर टाकतं, आणि तेवढीच गार हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून आत शिरते. म्हणजे बैठकीत बसलेले खूश आणि आतल्या खोलीत अभ्यास करणारा कुडकुडतोय.

मग आमच्याकडे तो का आहे? कारण मला विस्तवापाशी बसायचं असतं. एकदा हे स्वतःशी कबूल केलं की पुढचं सगळं सोपं होतं. रोज पेटवायचा नाही. तीन-चार तास मोकळे असतील, विझेपर्यंत जागं राहणारं कुणी असेल, आणि घरात कुणाच्या छातीत घरघर नसेल, तेव्हाच काडी ओढायची. माझ्या भाच्याला दमा आहे. तो मुक्कामाला असला की आम्ही विस्तव लावत नाही, आणि त्याबद्दल त्याच्यासमोर हळहळतही नाही.

बसायचं कुठे

विस्तवाची ऊब हवेतून कमी आणि थेट किरणांनी जास्त येते. त्यामुळे तोंड भाजतं आणि पाठ गारठते. अंतर दुप्पट केलं की धग जवळपास चौथाईवर येते, म्हणून खुर्ची हातभर पुढे-मागे सरकवण्यानेही बराच फरक पडतो. मागे उंच पाठीची खुर्ची किंवा जाड पडदा असला की पाठीला लागणारा वारा अडतो. नवीन बांधकाम करणार असाल तर गवंड्याला एक जुनी गोष्ट सांगा. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ साली फायरप्लेसवर लिहिताना तीन बदल सुचवले होते: कोनाडा कमी खोल ठेवा, बाजूच्या भिंती तिरक्या घ्या म्हणजे धग बाहेर फेकली जाईल, आणि धूर वर जातो तो गळा अरुंद करा. सव्वादोनशे वर्षं उलटून गेली, अजूनही हे करण्यासारखं आहे. दिसायला भव्य, खोल, चौकोनी कोनाडा बांधून घेतलात तर त्यात ओंडके जळताना छान दिसतील आणि धग भिंतीतच राहील.

पडदे, गालिचा, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, सरपणाची टोपली, सगळं निदान मीटरभर लांब. समोर बारीक जाळीचा पडदा हवाच. लहान मूल असेल तर जाळी भिंतीला पक्की हवी, नुसती टेकवलेली नको. ओढणी, पदर, सैल बाह्या सांभाळा. नायलॉन-पॉलिएस्टर पेटण्याबरोबर वितळून कातडीला चिकटतं. आणि फायरप्लेसच्या वर टीव्ही लावायची जी टूम आहे ती मला अजिबात कळलेली नाही: टीव्हीलाही वाईट, मानेलाही.

सरपण

धूर, काजळी, न पेटणं, ठिणग्या या तक्रारींपैकी बहुतेक ओल्या लाकडाच्या असतात. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे विकत घेतलेल्या गाडीतली अर्धी गाडी पाण्याची. हे पाणी वाफ होऊन जाईपर्यंत विस्तव तापत नाही, आणि विस्तव तापला नाही की लाकडातून निघणारे वायू न जळताच धूर होऊन वर जातात. लाकडाची बरीचशी शक्ती त्या वायूंमध्येच असते. धूर म्हणजे वाया गेलेलं जळण.

ओल २० टक्क्यांच्या खाली हवी. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण त्याचे काटे ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूला टोचू नका. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला टोचा, बाहेरचा भाग नेहमीच वाळलेला असतो. यंत्र नसेल तर दोन फाळक्या एकमेकींवर आपटा: वाळलेल्या ठणठण वाजतात, ओल्या बद्द. टोकाला चिरा पडलेल्या, साल सुटत आलेली, हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा हलकी लागणारी फाळकी चांगली. विस्तवात टाकल्यावर टोकांना फेस येऊन चरचरत असेल तर ती अजून जळणाच्या लायकीची नाही.

वाळवायला फोडूनच ठेवावं लागतं. अख्खा ओंडका सालीच्या आत वर्षानुवर्षं ओला राहतो. फोडलेलं लाकूड जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी उघडं रचलं तर वर्षभरात, जड लाकूड असेल तर दोन वर्षांत तयार होतं. ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळून ठेवणारे लोक लाकूड वाळवत नाहीत, कुजवतात.

राळेचं हलकं लाकूड झटकन पेटतं, तडतडतं आणि ठिणग्या उडवतं. ते पेटवणीला ठेवा. बसून राहायला जड, घट्ट लाकूड. जी तडतड आपल्याला ऐकायला आवडते, ती लाकडाच्या पेशींत अडकलेली ओल आणि राळ तापून फुटल्याची असते. थोडी असली तर मजा. फटाके फुटायला लागले तर लाकूड चुकलंय.

काय जाळायचं नाही: रंग दिलेलं, पॉलिश केलेलं, कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड (जुन्या औषधांत आर्सेनिक असायचं, ते धुरात आणि राखेत उतरतं), प्लायवूड, एमडीएफ, प्लॅस्टिक, चकचकीत छपाईचा कागद. समुद्रातून वाहून आलेलं लाकूड दिसायला सुंदर असतं, पण त्यातलं मीठ जळून विषारी धूर होतो आणि धातूही खातं. कण्हेरीच्या फांद्या तर बागेतल्या कचऱ्यातूनही विस्तवात येऊ देऊ नका, तिचा धूरही विषारी.

पेटवण्याआधी आणि पेटवताना

आधी धुरांड्याची झडप पूर्ण उघडा. मग त्याखाली पेटलेली काडी धरून विझवा आणि तिचा धूर कुठे जातो ते पाहा. वर गेला तर पुढे चला. खोलीत आला तर धुरांडं गार आहे आणि हवा उलटी उतरते आहे. अशा वेळी विस्तव पेटवला तर पाच मिनिटांत सगळी खोली डोळे चोळत अंगणात. उपाय असा: वर्तमानपत्राची एक सैल गुंडाळी पेटवून झडपेच्या अगदी खाली धरा. वरची हवा तापली की ओढ सुरू होते, भुर्र असा आवाजही येतो. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला पंखा बंद करा, ते धुरांड्याशी भांडतात आणि बहुधा जिंकतात. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या लावा, विस्तवाच्या खोलीतली एक खिडकी दोन बोटं उघडा. घराची दारं-खिडक्या जितकी घट्ट, तितकी ही फट जास्त गरजेची.

रचण्याबाबत बहुतेकांची पद्धत म्हणजे खाली कागद, त्यावर काटक्या, त्यावर ओंडके. मी उलटं रचते आणि तुम्हीही रचावं असा माझा आग्रह आहे. तळाला दोन-तीन जाड फाळक्या, बोटभर फट ठेवून. त्यावर आडव्या मध्यम. त्यावर अंगठ्याएवढ्या ढलप्या, आणि सगळ्यांत वर काटक्या व पेटवणी. काडी वरून लावायची. ज्योत हळूहळू खाली उतरते, खालच्या लाकडातून निघणारे वायू वरच्या ज्योतीतून जाताना जळून जातात, त्यामुळे धूर फारच कमी. शिवाय अर्धा-पाऊण तास हात लावावा लागत नाही, आणि आमच्या घरात हा मोठाच फायदा आहे, कारण माझ्या दिरांच्या हातात चिमटा आला की ते विस्तवाला स्वस्थ जळू देत नाहीत. लाकूड सारखं ढोसण्याने ते जास्त जळत नाही, नुसता फुफाटा उडतो. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट काहीही ओतायचं नाही. पेटत्या विस्तवावर तर बाटली कलंडवायचीच नाही, ज्योत धारेवरून हातापर्यंत चढते.

तळाची राख सगळी झाडून काढू नका. दोन-तीन सेंटिमीटरचा थर राहू द्या. लाकूड राखेवर चांगलं जळतं, निखारे तिच्यात ऊब धरून राहतात. नवीन फाळकी टाकायची ती ज्योत पार बसायच्या आधी, एका वेळी एक किंवा दोन. एकटं लाकूड जळत नाही, विझतं. दोघांमध्ये बोटभर अंतर असलं की एकमेकांच्या धगीवर पेटत राहतात.

निखारे, निळी ज्योत आणि रात्र

मला सगळ्यांत आवडतो तो शेवटचा तास. भडका संपलेला, धूर जवळजवळ नाही, लाल आर पडलेला आणि त्यावर मधूनच उठणाऱ्या छोट्या निळ्या ज्योती. लोक गप्प बसलेले असतात आणि त्याचं कुणाला अवघडल्यासारखं होत नाही, कारण सगळ्यांना बघायला काहीतरी असतं. गप्पांपेक्षा हे मला मोलाचं वाटतं.

त्या निळ्या ज्योती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जळताना दिसतो तो. जळतो तोवर ठीक. निखारे मंदावले की तोच वायू न जळता निघत राहतो, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणून विस्तवाचा सगळ्यांत सुंदर तास हाच सगळ्यांत सावध राहायचा तास. 'आता नुसते निखारेच आहेत, ऊब कशाला वाया घालवा' असं म्हणून झडप लावून झोपायला जाणं जिवावर बेतू शकतं. राख पूर्ण गार होईपर्यंत झडप उघडी राहिली पाहिजे, मग रात्रभर घरातली ऊब निघून गेली तरी चालेल. याच कारणाने घमेल्यात कोळसे घेऊन बंद खोलीत निजणं फार घातक आहे. धूर दिसत नाही म्हणून माणसं फसतात.

या वायूचा अलार्म वेगळा असतो, धुराचा अलार्म त्याचं काम करत नाही. एक विस्तवाच्या खोलीत, एक झोपायच्या खोलीजवळ लावा आणि बटण दाबून अधूनमधून वाजवून पाहा. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर सर्दी-पडशाचा विचार करत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, मदत बोलवा.

धुराचं म्हणाल तर चांगलं जळणाऱ्या विस्तवातूनही बारीक कण खोलीत येतातच, विशेषतः लाकूड टाकताना आणि ढोसताना. पीएम २.५ म्हणतात ते हेच, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून लहान, फुप्फुसात खोलवर जाणारे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर सुचवली. धुरकटलेल्या खोलीत ती सहज ओलांडली जाते. लाकडाचा धूर 'नैसर्गिक' असतो वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तान्हं बाळ, गरोदर बाई, दमेकरी, हृदयाचा विकार असलेलं कुणी घरात असेल तर विस्तव लावू नका. आणि धुरांड्यातून गेलेला धूर शेजारच्या खिडकीत जातो, हेही लक्षात असू द्या. वारा पडलेला असेल, धूर वर न जाता छपरावरच रेंगाळत असेल, तर त्या दिवशी बेत रद्द.

राख आणि धुरांडं

राख दिसायला गार असते. तिच्या पोटात निखारा दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही जास्त जिवंत राहतो. त्यामुळे प्लॅस्टिकची बादली, कागदी पिशवी, व्हॅक्यूम क्लीनर यांतलं काहीही नको. झाकणाची पत्र्याची बादली, आणि ती बाहेर फरशीवर, लाकडी ओट्यावर नाही. पूर्ण गार झाल्यावर चाळून थोडी बागेत टाकता येते. तिच्यात पोटॅश आणि चुना असतो, माती आम्लधर्मी असेल तर उपयोगी. पण ती क्षारधर्मी असल्याने मूठभरच, आणि आम्लधर्मी मातीत वाढणाऱ्या झाडांना अजिबात नाही. ओल्या राखेला हात लावताना हातमोजे घाला, कातडी चरचरते.

धुरांडं वर्षातून निदान एकदा जाणकाराकडून साफ करून, तपासून घ्यायचं. न जळलेला धूर वर गार भिंतींवर थिजतो आणि डांबरासारखा काळा थर बसतो. ओलं लाकूड आणि धुमसता विस्तव असेल तर हा थर लवकर जाड होतो, आणि तो पेट घेतो. धुरांड्यातून विमान जात असल्यासारखी घरघर आली, वरून ठिणग्यांचे लोट निघाले, तर धुरांडंच पेटलंय. सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा. झडप आणि समोरचं दार लावणं सहज शक्य असेल तरच लावा, त्यासाठी आत रेंगाळू नका. धुरांड्यात पाणी ओतू नका, तापलेल्या विटा तडकतात आणि वाफ अंगावर येते. आग विझली तरी आतल्या भेगा बाहेरून दिसत नाहीत, म्हणून तपासणी होईपर्यंत तिथे पुन्हा काडी ओढायची नाही.