डेअरी कॉम्प्युटरवर घेण्याआधी

ऑपरेटरला बोलावण्याआधी सभासद रजिस्टर, दूध संकलनाची वही, पशुखाद्याच्या उधारीची वही आणि बँकेत जाणारी बिलाची यादी, चारही टेबलावर मांडा आणि एकच नाव चारीकडे शोधा. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या डेअरीत एक सभासद एका वहीत परशराम, दुसरीत परशुराम, कन्नड उताऱ्यावरून केलेल्या यादीत परसराम निघाला. त्यात गावात त्या नावाचे पाटील तिघे. तेव्हा नावावर भिस्त नको. प्रत्येकाला एकेक नंबर द्या, एकपासून सरळ. त्यात गल्ली, गाव, वर्ष काही घुसडू नका. २०१४ मध्ये बेळगावचं सरकारी स्पेलिंगच बदललं, नंबराला असला त्रास नसतो. सभासद वारला की त्याचा नंबर कायमचा बंद. मुलाला बापाचाच नंबर हवा असतो, मान म्हणून. ऐकू नका, जुनी उधारी नेमकी कुणाची यावर पुढे भांडणं होतात.

मग गोठ्यात जा. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात, ते बघूनच लिहा, मालकाच्या आठवणीवर नको. बिल्ला कुंपणात अडकून तुटतो, नवा मारला की नंबरही नवा येतो. जुना खोडू नका, शेजारी ‘याच्या जागी हा’ लिहा, नाहीतर एकाच म्हशीच्या दोन म्हशी होतात आणि लसीची नोंद पहिलीच्या नावावर राहते.

एक्सेलमध्ये बिल्ल्याचा आणि खात्याचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात, बारा आकड्यांच्या मधे ‘ई’ आणि अधिकची खूण येते, आणि लांब नंबरात पंधराव्या आकड्याच्या पुढचा प्रत्येक आकडा गुपचूप शून्य होतो.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, मात्र ओळख म्हणून धरू नका. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात विलीन झाली आणि तिचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद पडले. सर्व्हे नंबराचंही तेच, वाटणी झाली की ११२ चे ११२/१, ११२/२ होतात. शेतकऱ्याचा ‘फ्रूट्स’ या कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणीतला एफआयडी, म्हणजे ओळख नंबर, असेल तर वेगळ्या रकान्यात घ्या. आधारचा नंबर वहीत उघडा लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरेत.

सगळं भरून झालं तरी वह्या रद्दीत घालू नका. कुठल्या वहीच्या कुठल्या पानावरचा माणूस आता कोणत्या नंबरावर आहे, तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.