जपानी गाणे पहिल्या अक्षरावरून शोधताना या चुका टाळा

जपानमधील कराओकेच्या खोलीत पूर्वी टेबलावर जाडजूड गीतसूची ठेवलेली असे. त्यात गाण्याच्या नावाचे पहिले अक्षर काढायचे आणि त्या अक्षराखाली दिलेल्या नावांवरून बोट फिरवत जायचे. अशी सूची पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला ‘सुकियाकी’ हवे होते. मी ‘सु’ची सगळी पाने वाचून काढली, पण गाणे सापडले नाही. शेजारी बसलेल्या वयस्कर बाईंनी सूची आपल्याकडे ओढली, पाने मागे उलटत त्या ‘उ’वर आल्या आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबल्या. तिथे ‘उए ओ मुइते आरुको’ असे लिहिले होते.

साकामोतो क्यू यांनी १९६१ मध्ये गायलेले ते गाणे १९६३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, ते ‘सुकियाकी’ या नावाने. हे नाव मांसाच्या एका पदार्थाचे असून त्याचा गाण्याच्या आशयाशी काहीही संबंध नाही. परदेशी ग्राहकाला उच्चारायला सोपे म्हणून ते चिकटवले गेले. म्हणून परदेशात रूढ झालेल्या नावाने शोध सुरू करू नये. आधी मूळ जपानी शीर्षक मिळवावे आणि मगच अक्षराकडे वळावे.

आपल्याकडच्या सवयीतून होणारी चूक याहून वेगळी आहे. गाण्याच्या भेंड्या खेळत मोठ्या झालेल्या माणसाला गाणे आठवते ते मुखड्यावरून, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा मुखड्याची पहिली ओळ हेच गाण्याचे नाव असते. जपानी गाण्यांत तसे गृहीत धरता येत नाही. मिसोरा हिबारी यांचे १९८९ मधील ‘कावा नो नागारे नो यो नि’ सुरू होते ‘शिराझु’ या शब्दाने, तर इशिकावा सायुरी यांचे १९७७ मधील ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’ सुरू होते ‘उएनो’ या तोक्योतील स्थानकाच्या नावाने. कानात घोळणारी सुरुवात घेऊन ‘शि’ किंवा ‘उ’मध्ये कितीही शोधले तरी ही गाणी तिथे मिळणार नाहीत. सुरुवातीचे शब्द आठवत असतील तर ते गीतांच्या संकेतस्थळावर टाकून आधी शीर्षक मिळवावे.

आता अक्षरांच्या क्रमाविषयी, कारण इथे मराठी वाचकाची बाजू भक्कम आहे आणि तरीही तो नेमका इथेच अडतो. जपानी अक्षरांच्या तक्त्याला ‘गोजुओन’ म्हणतात. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून संस्कृत वर्णमालेची मांडणी जपानला नेली, आणि तिचाच ठसा या तक्त्यावर आहे. स्वर अ, इ, उ, ए, ओ असे येतात, आणि ओळी अ, क, स, त, न, ह, म, य, र, व अशा. ‘स’ची ओळ आपल्या च-वर्गाच्या जागी आहे आणि ‘ह’ची ओळ प-वर्गाच्या जागी, एवढे लक्षात घेतले की ज्याला आपली मुळाक्षरे पाठ आहेत त्याला हा क्रम जवळजवळ फुकट मिळतो. ज्ञानाचा असा प्रवास मला फार मोलाचा वाटतो.

अडचण येते ती ओळींच्या आतल्या अक्षरांत. ‘स’च्या ओळीत ‘सि’ नसून ‘शि’ आहे, ‘ह’च्या ओळीत ‘हु’च्या जागी ‘फु’ आहे, आणि ‘त’ची ओळ त, चि, त्सु, ते, तो अशी चालते. हा ‘त्सु’ आपल्याला परका नाही, कारण ‘चूक’ किंवा ‘चूल’ म्हणताना आपण जो दंत्य ‘च’ उच्चारतो तोच हा उच्चार आहे. ‘त्सुगारु’ शोधायचे तर ‘त’च्या ओळीत तिसऱ्या घरात जावे. फोनवरच्या जपानी कळफलकात प्रत्येक ओळीला एक कळ असते. ‘त’ची कळ दाबून बोट वर सरकवले की ‘त्सु’ उमटतो. दोन दिवस हा कळफलक वापरला तरी तक्ता बोटांत बसतो. रोमन लिपीतून शोधणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की ‘त्सु’, ‘शि’ आणि ‘फु’ यांची रोमन स्पेलिंगे दोन पद्धतींनी लिहिली जातात. एकीने निकाल आला नाही तर दुसरी वापरून पाहावी.

ग, झ, द, ब आणि प यांना या तक्त्यात स्वतंत्र विभाग नसतात. ‘क’वर दोन छोट्या रेघा दिल्या की ‘ग’ होतो, ‘ह’वर छोटे वर्तुळ दिले की ‘प’ होतो, आणि सूची लावताना या खुणा सहसा दुय्यम मानल्या जातात. त्यामुळे २०१८ मधील मुलांचे लाडके ‘पापुरिका’ हे गाणे ‘ह’च्या विभागात असते. जोडाक्षरासारख्या वाटणाऱ्या ध्वनींचेही असेच आहे. इनोउए योसुई यांचे १९९० मधील ‘शोनेन जिदाइ’ ऐकले की आपल्या कानाला पहिले अक्षर ‘शो’ वाटते, पण जपानी लेखनात ते ‘शि’ला छोटा ‘यो’ जोडून लिहितात, म्हणून गाणे ‘शि’मध्ये सापडते. ‘क्यो’ने सुरू होणारी गाणी त्याच न्यायाने ‘कि’मध्ये पाहावीत.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र कांजीची, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चित्राक्षरांची आहे, कारण चित्राक्षर पाहून पहिला उच्चार ठरवता येत नाही. ‘गडद लाल रंग’ या अर्थाचे एकच चित्राक्षर घ्या. ते एकटे असताना एक्स या बँडच्या १९८९ मधील गाण्याचे शीर्षक होते आणि ‘कुरेनाइ’ असे वाचले जाते. लिसा या गायिकेच्या २०१९ मधील गाण्यात पुढे कमळाची अक्षरे आली की ‘गुरेंगे’ होते. आणि पानाचे अक्षर जोडले की १९११ मधील शालेय गीत ‘मोमिजी’ होते. पहिली दोन गाणी ‘कु’च्या विभागात पडतात, तर तिसरे थेट ‘मो’मध्ये. शब्दकोशात त्या अक्षराचा एखादा उच्चार पाहून अंदाज बांधण्यापेक्षा पूर्ण शीर्षक शोधपट्टीत चिकटवून त्यापुढे ‘योमिकाता’, म्हणजे ‘वाचण्याची पद्धत’, हा शब्द जपानी लिपीत जोडावा. हिरागानात, म्हणजे वरच्या तक्त्यातल्या उच्चारदर्शक अक्षरांत, लिहिलेले वाचन सहसा लगेच मिळते.

शीर्षक इंग्रजी असेल तर स्पेलिंग विसरून जपानी उच्चार धरावा. उतादा हिकारु यांचे १९९९ मधील ‘फर्स्ट लव्ह’ जपानीत ‘फासुतो राबु’ होते आणि ‘फु’मध्ये जाते, योनेझु केन्शी यांचे २०१८ मधील ‘लेमन’ ‘रे’मध्ये जाते, कारण ‘ल’ची वेगळी ओळ नाही. काही सूच्यांत रोमन शीर्षकांचा गट वेगळा असतो, तोही पाहून घ्यावा. जाता जाता, मूळ जपानी शब्द ‘र’ने सुरू होत नाहीत, त्यामुळे त्या विभागात परभाषेतून आलेल्या शब्दांचीच रीघ दिसते.

अक्षर बरोबर सापडले तरी गाणे चुकीचे लागू शकते, आणि ‘साकुरा’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. मोरियामा नाओतारो यांचे २००३ मधील गाणे आणि केत्सुमेइशीचे २००५ मधील गाणे हिरागानात लिहिले जाते, कोबुकुरोचे २००५ मधीलच गाणे कांजीत, तर इकिमोनोगाकारीचे २००६ मधील गाणे रोमन अक्षरांत. वाचन चौघांचे एकच आहे, पण शोधपट्टी अनेकदा लिपी जशीच्या तशी जुळवते. म्हणून तिन्ही लिप्यांत शोधावे आणि सोबत गायकाचे नाव द्यावे. ते नाव देतानाही आडनाव आधी येते हे लक्षात असू द्यावे: साकामोतो क्यू हे गायकांच्या यादीत ‘सा’मध्ये असतात, ‘कि’मध्ये नाही.